शोधायचं कुणी?

मूल दोन वर्षांचं होतं, तरी हाक मारल्यावर वळून बघत नाही, शब्द फुटत नाहीत. आईच्या मनात पाल चुकचुकते. आजी समजूत घालते, "मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता." कुणी सांगतं, शाळेत घाला, चार पोरांत बसलं की बोलेल. शाळेत घातलं की पहिल्या सहामाहीतच बाई बोलावून घेतात आणि 'याला आमच्याकडे जमणार नाही' असं जमेल तेवढ्या सौम्य शब्दांत सांगतात. तोवर मूल साडेतीन-चार वर्षांचं झालेलं असतं.

ही दोन वर्षं किती महाग पडतात ते एका उदाहरणावरून कळेल. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलासाठी केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया होऊ शकते. लाखो रुपयांचं यंत्र, शस्त्रक्रिया आणि नंतरचं बोलण्याचं प्रशिक्षण, सगळ्याला सरकारचा आधार मिळतो. जन्मापासून ऐकू न येणाऱ्यांसाठी अट मात्र वयाची आहे: मूल पाच वर्षांच्या आतलं हवं. ही अट सरकारी हट्टातून आलेली नाही. भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांतच सर्वांत जास्त असते, म्हणून ती आहे. या कामाची देशातली प्रमुख संस्था म्हणजे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. ती वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून उभी आहे. वाशीहून हार्बर लाईन धरून वडाळ्याला गाडी बदलली की वांद्रे येतं. अंतर तेवढंच आहे. पण ही संस्था आहे, ही योजना आहे आणि पाचव्या वाढदिवसाआधी तिथे पोचायचं आहे, हे त्या घराला सांगायचं कुणी?

दिव्यांग व्यक्ती आणि त्यांची कुटुंबं यांच्याबद्दल बोलताना 'सोयी नाहीत' हे वाक्य सवयीने येतं. नवी मुंबईपुरतं तरी ते पुरतं खरं नाही. वाशीत, रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, सेक्टर ३० मध्ये नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे: शिक्षण, प्रशिक्षण आणि सेवासुविधा एकाच छताखाली देणारं. २००७ मध्ये ते सुरू झालं आणि डॉ. वर्षा भगत यांनी दीर्घकाळ त्याची धुरा वाहिली. श्रवणदोष, दृष्टिदोष, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता अशा वेगवेगळ्या गरजा असलेली मुलं इथे येतात. लहानग्यांसाठी शीघ्र हस्तक्षेप, मग विशेष शिक्षण, सोबत फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचाउपचार आणि मोठ्यांसाठी व्यवसाय प्रशिक्षण असा कामाचा पसारा आहे. खासगी ठिकाणी 'ओटी' आणि 'स्पीच'च्या प्रत्येक सत्राला शेकडो रुपये मोजावे लागतात, आठवड्याला तीन-चार सत्रं लागतात आणि हे वर्षानुवर्षं चालतं. अशा वेळी एखाद्या महापालिकेने हे काम स्वतःचं मानावं ही मोठी गोष्ट आहे. दिवाबत्ती आणि कचरा यांपलीकडे पाहणाऱ्या महापालिका राज्यात फार नाहीत. नवी मुंबईने ते पाहिलं, त्याबद्दल या शहराचं मनापासून कौतुक करायला हवं.

आसपासही बरंच काही आहे. बेलापूरला बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी स्वामी ब्रह्मानंद प्रतिष्ठान काम करतं. ऐकू आणि दिसू न येणाऱ्या, म्हणजे बधिरांध मुलांसाठी देशात पहिल्यांदा शाळा काढणाऱ्या हेलन केलर संस्थेचं केंद्र नवी मुंबईतच आहे. बौद्धिक दिव्यांगत्वावरच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. खाडी ओलांडली की हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. कृत्रिम पाय, कॅलिपर, चाकाची खुर्ची यांसाठी तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक जात आले आहेत. स्वमग्न मुलांच्या पालकांनी मुंबईत स्वतःचा 'फोरम फॉर ऑटिझम' उभा केला आहे.

म्हणजे मदत आहे. ती विखुरलेली आहे आणि ती शोधण्याचं सगळं ओझं अशा माणसावर टाकलेलं आहे, ज्याच्या खांद्यावर आधीच सर्वांत जास्त भार आहे. बहुतेक घरांत हा माणूस म्हणजे आई. नोकरी सोडते ती, थेरपीच्या वेळा सांभाळते ती, दाखल्यांसाठी खेटे घालते तीच. शेजारच्या बाकावर बसलेली दुसरी आई तिला सांगते की अमुक अर्ज भर, तमुक ठिकाणी जा. दिव्यांग मुलांच्या घरांना मिळणारी बरीचशी माहिती आजही अशी थेरपी केंद्राच्या बाकावर मिळते. त्या बायांनी एकमेकींसाठी जे केलं आहे त्याची कुठल्याच खात्यात नोंद नाही. पण ज्या बाईला तो बाकच गाठता आला नाही, तिचं काय? दिघ्याच्या झोपडपट्टीतली, तुर्भे स्टोअरची, दगडखाणीच्या वस्तीतली आई वाशीपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. आठ-नऊ वर्षांचं मूल कडेवर घेऊन रिक्षा, लोकलची गर्दी आणि पुन्हा चालणं, हे आठवड्यातून चार दिवस करायचं तर एका माणसाची मजुरी बुडते.

कागदांची वाट आणखी वेगळी. सगळ्यात आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' हे दिव्यांगांचं ओळखपत्र. नवी मुंबईकरांची त्यासाठीची तपासणी वाशीच्या महापालिका रुग्णालयात होते. अर्ज ऑनलाइन करायचा, तारीख घ्यायची, डॉक्टरांसमोर मुलाला न्यायचं. "टक्के किती मिळाले?" हा प्रश्न पालक एकमेकांना विचारतात तेव्हा ऐकणाऱ्याला तो परीक्षेतल्या गुणांचा वाटेल. पण ४० टक्क्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे असणं यावर नोकरीतलं आरक्षण, शिष्यवृत्ती, पेन्शन सगळं अवलंबून असतं. लहान मुलांची प्रमाणपत्रं बऱ्याचदा ठरावीक मुदतीचीच असतात. मुदत संपली की पुन्हा तीच रांग.

प्रमाणपत्र वाशीत मिळतं. पण संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी महसूल खात्याकडे जावं लागतं आणि नवी मुंबई महापालिकेचं क्षेत्र ठाणे तालुक्यात येतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेगळा, रहिवासाचा पुरावा वेगळा, दरवर्षी हयातीचा दाखला वेगळा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देणारा हा विमा काही मर्यादेपर्यंत थेरपीचा खर्चही देतो, जो इतर विमा पॉलिसींमध्ये सहसा मिळत नाही. तिची नोंदणी ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. रेल्वेची सवलत हवी तर रेल्वेकडे निराळा अर्ज. महापालिकेची शिष्यवृत्ती समाजविकास विभागाकडे. शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मुलांचाही समावेश आहे, त्याचा अर्ज शिक्षण खात्याकडे. मुलाच्या गरजा एकाच अंगात असतात, पण सरकारने त्या सहा-सात खिडक्यांत वाटून दिल्या आहेत.

खारघरच्या घराची तर आणखी ओढाताण होते. वाशी त्यांना लोकलने जवळ. पण त्यांची महापालिका पनवेलची, जिल्हा रायगड आणि जिल्हाधिकारी बसतात अलिबागला. महापालिकेची हद्द कुठे संपते हे मुलाच्या आजाराला ठाऊक नसतं, पण योजनेच्या अर्जाला नेमकं तेच ठाऊक असतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मुलं शोधण्याची जबाबदारी कुटुंबाची आहे असं कायदा म्हणत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, हे सर्वांना आठवतं. त्याच्या कलम १७ कडे मात्र कमी लोकांचं लक्ष गेलं. शाळेत जाणाऱ्या मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करून दिव्यांग मुलं ओळखावीत, त्यांच्या गरजा काय आहेत आणि त्या कितपत भागतात हे पाहावं, अशी जबाबदारी ते कलम सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकतं. कलम २५ आणखी पुढे जातं. धोका असलेली मुलं वेळेत कळावीत म्हणून सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याबद्दल ते सांगतं. शोधणं हे शासनाचं कर्तव्य आहे, असं संसदेने लिहून दिलं आहे.

यासाठीची यंत्रणाही अर्धीमुर्धी का होईना, उभी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मजात व्यंग, कुपोषण, आजार आणि वाढीतले अडथळे शोधण्यासाठी फिरती वैद्यकीय पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावीत, अशी त्याची रचना आहे. पण या शाळा म्हणजे सरकारी आणि अनुदानित. वाशी-नेरुळच्या सोसायट्यांतली बहुतेक मुलं खासगी प्लेग्रुपमध्ये जातात, तिथे हे पथक जात नाही. गरीब वस्तीत पथकाने मूल पाहिलं, कागदावर खूण केली, 'पुढील तपासणीसाठी पाठवावे' असं लिहिलं, तरी पुढे आईला कामावर सुट्टी मिळाली का, ती पोचली का, हे विचारायला कुणी घरी जातं का? मुलं हरवतात ती या दुव्यावर.

किती घरांचा हा प्रश्न आहे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या तेव्हा ११ लाख २० हजारांच्या घरात होती. राज्याचाच दर लावला तरी या शहरात सुमारे २९ हजार दिव्यांग व्यक्ती असणार, आणि हा हिशेब जुन्या लोकसंख्येवरचा. शिवाय त्या जनगणनेत स्वमग्नतेसाठी वेगळा रकाना नव्हता. एका केंद्राने, ते कितीही चांगलं चाललं तरी, एवढ्या घरांचं दार ठोठावायचं हे शक्य नाही.

अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. शाळेने येणाऱ्या मुलांना सामावून घेणं एवढ्यावर तो थांबला नाही. न आलेली मुलं शोधून काढणं हेही त्याने राज्यांचं काम ठरवलं. १९८६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यात भर पडली, आणि अशा प्रत्येक कुटुंबाला एक समन्वयक नेमून देण्याची सोय झाली. थेरपी कुठे, पैसे कुठून, पुढची तपासणी कधी हे सगळं तो पाहतो. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक प्रशासनाला आपल्या भागातल्या सगळ्या सेवांची यादी एकत्र करून प्रसिद्ध करणं आणि ती ताजी ठेवणं बंधनकारक केलं, आणि मुलाच्या गरजांचा आराखडा गरज पडल्यास पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू ठेवण्याची तरतूद केली. हे श्रीमंत देशांचं झालं, असं कुणी म्हणेल. मग केरळ पाहावं. तिथे २००४ पासून ग्रामपंचायती आणि नगरपालिका 'बड्स' नावाच्या शाळा चालवतात. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीच्या या शाळांना 'कुडुंबश्री' या बचतगटांच्या बायकांचं जाळं हातभार लावतं. गावातलं कोणतं मूल घरात बसून आहे हे त्या बायकांना माहीत असतं, कारण त्या त्याच गावात राहतात.

आणि आपणही हे केलेलं आहे. पल्स पोलिओच्या मोहिमेत, १९९५ नंतर, सरकार घराघरात गेलं. चाळीत, झोपडीत, बांधकामाच्या जागेवर, रेल्वे फलाटावर कार्यकर्त्या मुलं शोधत फिरल्या, डोस दिला, बोटाला शाई लावली, राहिलेल्या घरी पुन्हा गेल्या. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं जाहीर झालं. आईबापांनी पोलिओचं केंद्र शोधत यावं, असं कुणी म्हटलं असतं तर तो दिवस उजाडलाच नसता. ज्या देशाने लंगडणारं मूल होऊ नये म्हणून दार ठोठावलं, त्याने दिव्यांग मूल जन्मल्यावर त्याच दाराशी पुन्हा जायला हवं.

अडचणी खऱ्या आहेत, त्या नाकारून चालणार नाही. विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट मिळत नाहीत. मुलाला 'शिक्का' बसेल, बहिणीच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने कितीतरी घरं गोष्ट झाकून ठेवतात. अशा घरात फॉर्म घेऊन शिरलेला अनोळखी कर्मचारी परतच पाठवला जाईल. म्हणून हे काम कागद भरून घेणाऱ्याचं नाही, ओळखीच्या माणसाचं आहे. स्वतः दिव्यांग मूल वाढवलेल्या आईइतकं त्यासाठी योग्य कुणी नाही. बाकावर बसून ती हे काम वर्षानुवर्षं फुकट करतेच आहे. तिला प्रशिक्षण द्या, मानधन द्या, ओळखपत्र द्या.

लहान मुलांची चिंता तरी समाजाला पटते. अठराव्या वर्षानंतर सगळेच नजर वळवतात. कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क अठरापर्यंत आहे. त्यानंतर कार्यशाळा, नोकरी किंवा घराची चौकट. बौद्धिक दिव्यांग मुलगा अठराचा झाला की कायद्याच्या नजरेत आईवडीलही आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेचं खातं, वाटणीची जागा, कशासाठीही कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते. हे कितीतरी पालकांना कळतं ते बँकेच्या काउंटरवर अडल्यावर.

"आमच्यानंतर याचं काय?" हा प्रश्न साठीतल्या पालकांच्या तोंडी असतो आणि त्याला वाशीत आजही पुरेसं उत्तर नाही. बदलापूरला पालकांनी एकत्र येऊन 'आधार' ही संस्था उभी केली. तिथे बौद्धिक दिव्यांग प्रौढ कायमस्वरूपी राहतात, काम करतात. राज्यभरातले पालक तिच्याकडे डोळे लावून असतात यावरूनच अशा जागा किती कमी आहेत ते कळतं. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. तो महाराष्ट्रात प्रत्येक पात्र घरात पोचायला हवा. संजय गांधी योजनेत दिव्यांगांचं मासिक अनुदान दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला, तो स्वागतार्ह आहे. पण चोवीस तास सोबत लागणाऱ्या तरुणाच्या घरात एक कमावता हात कायमचा अडकलेला असतो आणि अडीच हजारांत त्याची भरपाई होत नाही.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न निघेलच. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीतला पाच टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा, असा राज्याचा नियम आहे. महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, त्यालाही २०२२ पासून काही वर्षं झाली आहेत. हा राखीव निधी वर्षअखेरीस घाईघाईने तीनचाकी सायकली वाटण्यात संपू नये. त्यातला काही भाग माणसांवर खर्च व्हावा.

नवी मुंबई महापालिकेची बेलापूर ते दिघा अशी आठ विभाग कार्यालयं आहेत. प्रत्येक कार्यालयात दिव्यांग कुटुंबांसाठी एक पूर्णवेळ समन्वयक असावा. प्रसूतिगृह, अंगणवाडी आणि खासगी प्लेग्रुपसह प्रत्येक शाळेने वाढीत मागे पडणाऱ्या मुलाची माहिती, पालकांच्या संमतीने, त्याच्याकडे द्यावी. पंधरा दिवसांत त्याने घरी जावं, तपासणीची तारीख घेऊन द्यावी, अर्ज भरून द्यावेत आणि मूल मोठं झालं तरी ती फाईल बंद करू नये. ईटीसीने जवळपास दोन दशकांत जमवलेला अनुभव या आठ जणांना तयार करायला पुरेसा आहे. आठ माणसांचा पगार नवी मुंबईसारख्या सधन महापालिकेला जड नाही. आयुक्तांनी येत्या अर्थसंकल्पात ही आठ पदं मंजूर करावीत.